वावधनाचा खरा जोर

सालेकसा तालुक्यातल्या सावरीटोल्यात तिलक रहांगडाले नावाचा वेल्डर राहतो. घरची धानाची शेती आहे, पण ती थोरला भाऊ पाहतो. तिलकचं मन लहानपणापासून लोखंडात. तिरोड्याला वीजनिर्मितीच्या प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा बारावीत नापास झालेला तिलक तिथे हेल्पर म्हणून लागला आणि वेल्डिंग शिकूनच गावी परतला. रस्त्याला लागून त्याने दुकान टाकलं. आज आजूबाजूच्या गावांत गुरांचे गोठे, शाळेची जेवणाची शेड, धान ठेवायची गोदामं अशी कितीतरी छपरं त्याच्या हातची उभी आहेत.

त्याची एक खोड होती. छपराची कैची, म्हणजे पत्र्यांखालचा लोखंडी सांगाडा, जोडून झाली की तो मालकाला समोर उभं करायचा, वरचा पाइप दोन्ही हातांनी पकडायचा आणि सगळं अंग सोडून लोंबकळायचा. वर दोन झोके घ्यायचा. मग खाली उतरून हात झटकत म्हणायचा, "आता तुमी लोंबका." मालक हसायचे. पोट सुटलेले तर लांबूनच हात जोडायचे. पण तिलकचं काम म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

गावाच्या कडेला बोडी आहे, म्हणजे शेतीला पाणी देणारा छोटा तलाव. त्या बोडीच्या काठावर ग्रामपंचायतीने सभामंडप बांधायचं ठरवलं, तेव्हा सरपंच भैयाजी बिसेन यांनी ते काम तिलकलाच दिलं. सिमेंटच्या पायात रोवलेले लोखंडी खांब, वर कैच्या, त्यावर निळे पत्रे. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, त्याच्याखाली भरली, लग्नं झाली, आणि उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता तोडून आणलेल्या बाया तिथेच सावलीला बसून पुडके बांधू लागल्या. तिलकचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. काम करता करता मान वर केली की त्याला निळे पत्रे दिसायचे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपार कलली होती आणि हवा अशी पडली होती की पळसाचं पान हलत नव्हतं. पश्चिमेकडे आभाळ आधी काळं झालं, मग त्यात हिरवट झाक आली. सभामंडपात पंधरा-वीस बाया पुडके बांधत होत्या. त्यांतली सुखवंता मावशी सगळ्यांत वयस्कर. तिचं माहेर-सासर दोन्ही जंगलाला लागून, त्यामुळे तिने वावधनं कमी पाहिली नव्हती. इकडे वादळाला वावधनच म्हणतात. ती उठून बाहेर आली, आभाळाकडे पाहिलं आणि परत येऊन म्हणाली, "बायावो, पुडके राहू द्या. ग्रामपंचायतीत चला. हे काही वेगळं होय."

ग्रामपंचायतीची इमारत स्लॅबची. बाया तिकडे निघाल्या. तिलक दुकानातून हे पाहत होता. तेवढ्यात त्याला बोडीच्या पलीकडे ढगातून एक सोंड खाली उतरताना दिसली. ती जमिनीला टेकली तिथून धूळ आणि पालापाचोळा वर उसळला. आवाज आधी मालगाडीसारखा वाटला, आणि सालेकशाहून मालगाड्या रोजच जातात म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पण तो आवाज थांबेना, वाढतच गेला. तिलकने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि तोही ग्रामपंचायतीकडे पळाला. दारातून आत शिरताना त्याने मागे पाहिलं. सुखवंता मावशी परत फिरली होती. तिची बकरी सभामंडपाच्या खांबाला बांधलेली होती.

मग काही दिसलं नाही. कान बंद झाल्यासारखे झाले, खिडकीच्या काचा फुटल्या, बाया एकमेकींना धरून खाली बसल्या. सगळं एका गाण्याएवढा वेळही चाललं नसेल. शांत झालं तेव्हा तिलकने दार उघडलं. बोडीच्या काठावर निळं काही नव्हतं. सभामंडप जागेवर नव्हता. त्याचे खांब आणि कैच्या शंभर पावलांवर एकमेकांत गुंतून पडल्या होत्या, आणि त्यांच्याखालून मावशीचा आवाज येत होता.

"मी आहो गा इथं. पाय दबला."

तिलकने गॅस कटर आणला आणि स्वतः बांधलेले खांब स्वतःच्या हातांनी कापले. मावशीला बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं, बाकी ती शुद्धीवर होती. जीपमध्ये घालून तिला गोंदियाला नेलं. बकरी दुसऱ्या दिवशी बोडीच्या पाळीवर चरताना सापडली.

कोणी दगावलं नाही. त्या संध्याकाळी गावात जो तो हेच म्हणत होता. बाया जर तिथेच बसून राहिल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार मनात आला की लोक हात जोडायचे. तिलकही हात जोडत होता, पण त्याची नजर सारखी मागच्या घरांकडे जात होती.

सभामंडपाच्या मागेच दोन गल्ल्या सोडून कौलारू घरं होती आणि त्यांतल्या बहुतेकांचं एक कौलही हललं नव्हतं. पाहणीला तालुक्याहून एक तरुण इंजिनीअर आला. त्याने जवळच्या हवामान केंद्रातली नोंद पाहिली होती. तिथे त्या दुपारी वाऱ्याचा वेग ताशी पन्नासच्या आसपास होता. त्याने गुंतलेल्या लोखंडाभोवती फेरी मारली. खांब खालच्या बाजूने तुटलेले दिसत होते. ते तिलकनेच कापले होते, पण त्या ढिगाऱ्यात टोकं चेपली होती, कुठला काप कटरचा आणि कुठली मोड वाऱ्याची हे आता सांगता येत नव्हतं. शिवाय रस्ता मोकळा करायला जेसीबीने अर्धं सामान ओढून बाजूला नेलं होतं आणि काठावरची जागाही सपाट केली होती. इंजिनीअर माणूस बरा होता. तो म्हणाला, "कारण नक्की सांगता येत नाही, असंच मी लिहीन." पण गावाला नक्की काहीतरी हवं होतं.

"पन्नासच्या हवेनं कौल नाई उडालं आणि लोखंड उडालं," भैयाजी चौकात बोलले. "मंग कसं काम होय ते, तुमीच सांगा." ते तिलकसमोरच बोलले. इकडे माणसं मागून बोलत नाहीत.

त्यात विक्कीचा व्हिडिओ आला. विक्की लग्नाची शूटिंग करणारा. त्या दुपारी तो शेतांच्या पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एका हळदीचं शूटिंग करत होता. घराच्या गच्चीवर त्याचा कॅमेरा स्टँडवर लावलेला होता. सोंड दिसली तसा त्याने कॅमेरा तिकडे वळवला आणि चालू ठेवला. तो व्हिडिओ मोबाइलवरून सगळ्या जिल्ह्यात फिरला. पुढे काही विजेचे खांब, मागे ती करडी सोंड, आणि तिच्याभोवती फिरणारा एक निळा ठिपका. तो तिलकचा पत्रा होता. पण व्हिडिओ पाहून कोणालाच भीती वाटत नव्हती. सोंड कशी आळसावल्यासारखी, डोलत डोलत फिरत होती. पत्रा कागदासारखा तरंगत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जात होता.

"हे पहा," लोक म्हणत. "केवढं हळू फिरून राहिलं. याच्यानं मांडव पडला?"

तिलकने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल त्याचा हिशेब नाही. त्यालाही तो पत्रा हळूच जाताना दिसायचा. आणि मग त्याला बाकीची छपरं आठवायची. त्याला लोकांच्या बोलण्याचं फारसं काही नव्हतं. पण हवा खरोखर हळू असेल, तर त्याच्या हातात खोट होती. आणि हातात खोट असेल तर ती एका मांडवात नव्हती, सगळीकडे होती. शाळा उघडली की शेडखाली रोज पोरं जेवायला बसणार होती.

तो मोटरसायकल काढून एकेक छप्पर पाहत फिरू लागला. कुठे जोडावर हातोडी वाजवून बघ, कुठे खांबाच्या बुडाशी उकरून बघ. शाळेला सुट्टी होती तरी खिचडी शिजवणाऱ्या सुशीलाबाई आवारात चुलीसाठी काड्या गोळा करत होत्या. त्यांनी त्याला खांबाच्या पायाशी बसलेलं पाहिलं.

"कायले पाहून राहिला गा, तिलक?"

"असंच, बाई."

"आमच्या शेडले काही होणार तर नाई?"

तिलकने हातोडी पिशवीत टाकली आणि मोटरसायकल चालू केली. घरी येऊन त्याने जेवण बाजूला सारलं. बायको नीतूने ताट परत त्याच्यापुढे ओढलं.

"सुखवंता मावशी घरी आली म्हणते," नीतू म्हणाली. "तुमी एकदा तरी गेलते का तिले पाहाले?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"याच तोंडानं. दुसरं कुठून आणाल?"

तिलक गेला. मावशी ओसरीत खाटेवर पडली होती, पायाला प्लास्टर. तिने त्याला पाहताच खाटेच्या कडेवर हात थोपटला. तो बसला. मग म्हणाला, "मावशी, माझ्या जोडानं तुझा पाय गेला."

"कोणता जोड?"

"खांबाचा. बुडाशी तुटला तो."

मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं जसं एखाद्या पोराने पाढा चुकावा. "तुटला कुठं? तू आग लावून कापून राहिला होता तवा त्या खांबाचं बूड पत्र्याखाली माझ्या तोंडासमोर होतं. हा एवढा मोठा सिमिटाचा गोळा होता त्याले. मातीसकट. मी त्याच्याकडंच पाहून होती, का आता हा गोळा सरकते आणि माझ्या डोक्यावर येते. खांब तुटला नाई, बापा. तो मुळासकट उपटून आला. जसा कांदा येते तसा."

तिलक उठून उभा राहिला. "हे कोणाले सांगितलं तू?"

"कोणी इचारलं नाई."

तो तिथून थेट बोडीवर गेला. जेसीबीने ओढलेलं सामान पाळीच्या मागच्या उतारावर टाकलेलं होतं. बेशरमाच्या झुडपांत त्याला पहिला सिमेंटचा गोळा सापडला. त्यातून खांबाचा हातभर तुकडा वर आलेला, वर त्याच्याच कटरचा वितळलेला काप. खाली बेस प्लेट, म्हणजे खांब सिमेंटला जखडणारी पट्टी, चारही बोल्ट जागेवर, आणि जोडाची शिवण जशीच्या तशी. दुसरा गोळा सापडला, तिसरा सापडला. सगळे तसेच. तिलक त्या गोळ्यावर बसला आणि त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. जोड सुटले नव्हते. एवढं तरी होतं.

त्याने भैयाजींना आणून ते दाखवलं. भैयाजींनी पायाने गोळा ढकलून पाहिला. तो हलला नाही.

"जोड टिकले, हाव," ते म्हणाले. "मंग पाया उथळ असन."

हा प्रश्न रास्त होता. पाया पुरेसा होता की नव्हता हे वाऱ्याचा जोर किती होता त्यावर ठरणार. आणि तो जोर कोणाला ठाऊक होता? मोजणारं यंत्र कोसांवर होतं, आणि वावधन गेलं होतं बोडीच्या काठावरून.

जूनच्या सुरुवातीला विक्की एका मुलीला घेऊन दुकानात आला. रेणू कटरे तिचं नाव. मूळची आमगावची, नागपूरला राहून वादळांवर संशोधन करत होती. पाहणीला आलेल्या त्या इंजिनीअरनेच तिला विक्कीचा नंबर दिला होता. आपल्याला कारण नक्की सांगता आलं नाही हे त्याच्याही मनात टोचत होतं म्हणे.

"मोबाइलवर फिरला तो व्हिडिओ माझ्या कामाचा नाही," रेणू म्हणाली. "पाठवता पाठवता त्यातली चित्रं गळतात, वेग बदलतो. कोणीतरी त्याच्यावर गाणंही टाकलंय. मला कॅमेऱ्यातली मूळ फाइल हवी होती. ती विक्कीभाऊंकडे आहे. आता जागा पाहायची आहे. सभामंडप तुम्ही बांधला होता ना? याल का सोबत?"

"मी काऊन?"

"तो निळा पत्रा किती लांबीचा, किती जाड, कुठे ठोकला होता, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

निघण्यापूर्वी तिने एक गोष्ट स्पष्ट केली. "भाऊ, मला गावात काय बोललं जातंय ते कळलं आहे. पण मी मोजल्यावर जे येईल ते येईल. ते तुमच्या बाजूचं असेलच असं नाही."

तिलकने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "तरी मोजा," तो म्हणाला. "मले समजलं पाहिजे."

आधी ते पलीकडच्या टोल्यावर त्या गच्चीवर गेले. कॅमेऱ्याचा स्टँड जिथे होता तिथे विक्कीने पुन्हा स्टँड लावला. रेणूने लॅपटॉपवर व्हिडिओ उघडला आणि एकेक चित्र पुढे सरकवत निळा पत्रा दाखवला. विजेच्या एका खांबामागून तो निघाला आणि पुढच्या खांबामागे गेला. मधे दोन सेकंद.

"आता सांगा, हा पत्रा कुठे आहे?" तिने विचारलं.

"खांबांपाशी," विक्की म्हणाला. "दिसूनच राहिला ना."

"खांबांपाशी असेल तर दोन सेकंदांत तो फक्त दोन खांबांमधलं अंतर गेला. म्हणजे साधं वादळ. गाव म्हणतंय ते बरोबर. पण तो खांबांच्या बराच मागे असेल, तर तेवढ्याच दोन सेकंदांत तो खूप जास्त अंतर गेला. लांबून जाणारी आगगाडी कशी रांगल्यासारखी दिसते? आणि फाटकाजवळ उभं राहिलं की तीच गाडी अंगावरून जाते. सोंड आळशी दिसते कारण ती दूर आहे आणि मोठी आहे. किती दूर, तेच शोधायचं."

मग त्यांनी व्हिडिओतला तो दोन सेकंदांचा तुकडा पुन्हा पाहिला. सोंडेच्या बरोबर पायथ्याशी एक झाड धुळीत बुडत होतं. तिलक पुढे वाकला. "तो मोह होय. उईकेच्या बांधावरचा."

"इथून किती लांब?"

"खांबांच्या लय मागं. जंगलाच्या काठाले."

ते चालत निघाले. बोडी ओलांडली, धानाच्या कापलेल्या बांध्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यांतून गेले. या बाजूला वावधनानंतर तिलक आलाच नव्हता. गावातलंही फारसं कोणी आलं नव्हतं, इकडे कोणाचं घर नव्हतं. उईकेच्या बांधीत शिरल्यावर तिघेही थांबले. धानाची खुंटं सगळीकडे पिवळी उभी होती, पण मधून बैलगाडीच्या रस्त्याच्या पाच-सात पट रुंद पट्टा गेला होता, त्यात खुंटं नव्हती. बांधावरचं गवत मुळांसकट गेलेलं. माती खरवडून काढल्यासारखी उघडी.

पट्ट्याच्या कडेला तो मोह उभा होता. फांद्या गेल्या होत्या, नुसतं खोड आणि वर दोन-तीन थोटकं. आणि त्या खोडाची साल नव्हती. एका बाजूने पार वरपर्यंत सोललेलं, आतलं लाकूड उन्हात पांढरं पडलेलं. तिलकने हात लावून पाहिला. मोहाची साल कुऱ्हाडीने काढायची तरी घाम निघतो.

"हे कोणी काढलं?" विक्कीने विचारलं.

"हवेनं," रेणू म्हणाली. "हवेनं आणि हवेतल्या मातीनं, खड्यांनी." ती झाडाभोवती फिरून फोटो काढत होती, आणि तिचा आवाज जरा बदलला होता. "आपल्याकडे असं फार क्वचित पाहायला मिळतं."

तिलकने टेपचं एक टोक धरलं, विक्कीने दुसरं. खांबापासून खांबापर्यंत मोजलं, गच्चीपासून खांबांपर्यंत मोजलं, गच्चीपासून मोहापर्यंत मोजलं. शेवटचं अंतर मोजायला दुपार गेली, कारण मधे बोडीचा कोपरा येत होता. रेणूने मोबाइलवरच्या नकाशाशी ते ताडून पाहिलं. मोह खांबांच्या तिप्पट लांब होता.

ती बांधावर बसली. तिलक तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तिप्पट लांब," ती म्हणाली, "म्हणजे पत्रा तिप्पट अंतर गेला. दोन खांबांत पन्नास मीटर, त्याच्या तिप्पट दीडशे. दीडशे मीटर, दोन सेकंदांत."

तिलकला तो हिशेब तोंडी येत होता, तरी त्याने विचारलं, "मंग?"

"तासाला अडीचशे किलोमीटरच्या वर. तरी मी एवढ्यावर सही करणार नाही. पत्रा उंचावर होता, जमिनीलगत हवा जरा कमी असेल. मोजण्यात चूक धरावी लागेल. दुसऱ्या बाजूने, पत्रा हवेबरोबर जातो, हवेच्या पुढे जात नाही, म्हणून हवा त्याहून जोरात असू शकते. सगळं धरून माझ्या मार्गदर्शक सरांना दाखवते. पण दोनशेच्या खाली येणं मला कठीण दिसतं."

"पण कौलं नाई उडाली ना," तिलक म्हणाला. त्याला स्वतःच्या बाजूने लगेच विश्वास ठेवायची भीती वाटत होती. "गाव तेच बोलून राहिलं."

"पट्टा त्या घरांवरून गेलाच नाही. पाहा ना, बोडीच्या काठावरून सरळ इकडे आला. आणि हे सगळीकडेच होतं. वादळ किती जोराचं होतं हे लोक मोडलेल्या घरांवरून ठरवतात. पण तुमच्याकडे धान मोजायला पन्नास किलोपर्यंतचाच काटा आहे आणि त्यावर क्विंटल ठेवला, तर काटा पन्नासच दाखवेल. या वादळाच्या वाटेत होतं काय? एक मोह, थोडं गवत, आणि तुमचा मांडव. मोडायला दुसरं काही मिळालंच नाही, म्हणून ते लहान वाटलं."

"पाया उथळ होता का?"

"किती खोल होता?"

तिलकने हाताने दाखवलं.

"गावातल्या मांडवाला असतो त्यापेक्षा जास्तच आहे," ती म्हणाली. "या वाऱ्यात मोठमोठ्या गोदामांचीही छपरं टिकत नाहीत, भाऊ. कोणी गावात त्या हिशेबाने मांडव बांधतही नाही. साध्या वादळात तुमची छपरं आजवर टिकली आहेत ना? मग त्यांचं काम तेवढंच आहे."

तिलक उठला, थोडा बाजूला गेला आणि शेताकडे तोंड करून उभा राहिला. विक्की त्याच्यामागे जायला लागला, तर रेणूने त्याला खुणेनं थांबवलं.

नक्की आकडा यायला महिना लागला. पाऊस सुरू झाला होता, धानाची रोवणी चालली होती. रेणूचा फोन आला तेव्हा तिलक भावाच्या बांधीत चिखलात उभा होता, कारण दुकानात काम नव्हतं. तिच्या सरांनी मूळ व्हिडिओ, मोहाचे फोटो आणि पायाचे गोळे, सगळं वेगवेगळं तपासलं होतं, आणि तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या. दोनशे वीसच्या खाली नाही, बहुधा त्याहून वर. पाहणीचा अहवाल इंजिनीअर सुधारून देणार होता. त्याने स्वतः फोन करून ग्रामपंचायतीला कळवलंही होतं.

तिलकने भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, "जा घरी. रोवणी होते माझ्यानं."

वाटेत भैयाजी दुकानाच्या बंद शटरसमोर उभे दिसले. छत्री मिटून त्यांनी ती काखेत मारली.

"तिलक, चाय सांग," ते म्हणाले.

समोरच्या टपरीवरून दोन चहा आले. भैयाजींनी अर्धा कप संपेपर्यंत पावसाबद्दल बोलणं काढलं. मग म्हणाले, "साहेबाचा फोन आलता. मी चौकात बोललो ते चौकातच परत घेईन. ग्रामसभेत." मग त्यांनी विचारलं, "नवा मांडव टाकाचा आहे. तू टाकशील ना?"

"टाकतो," तिलक म्हणाला. "पण भैयाजी, मांडवाच्या बाजूले स्लॅबची एक खोली काढा. पक्की. अशी हवा आली तर मांडव जाऊ द्या, माणसं त्या खोलीत गेली पाहिजेत. ते माझ्या हातचं नाही, मिस्त्रीचं काम आहे. खोली होत असन तरच मी लोखंड आणतो."

भैयाजींनी कप खाली ठेवला. "बरोबर बोलून राहिला," ते म्हणाले. "सुखवंताबाईलेही इचारू कुठं काढाची ते. तिलेच आधी समजते."

मावशी तोवर काठीच्या आधाराने अंगणात फिरू लागली होती. आकडा सांगायला तिलक तिच्याकडे गेला, तेव्हा तिने दोनशे वीस म्हणजे किती हे विचारलं. तो म्हणाला, सालेकशाच्या स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीपेक्षा दुप्पट. मावशीने काठी भिंतीला टेकवली. "आणि मी बकरी सोडाले गेली," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसू लागली. तिलकलाही हसू आलं. कित्येक आठवड्यांत तो असा हसला नव्हता.

तो घरी आला. पाय धुतले, नीतूने वाढलं ते सगळं खाल्लं, वर अजून भात मागून घेतला. फोनवर काय झालं ते भावाकडून तिला आधीच कळलं होतं. जेवून तो खाटेवर आडवा झाला आणि बोलता बोलता झोपला. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्या ओसरीचं छप्परही त्यानेच घातलेलं.

थोड्या वेळाने शेजारच्या टोल्यावरून एक माणूस आला, त्याच्या गोठ्याच्या दाराची बिजागरी तुटली होती.

"झोपले आहेत," नीतू दारातूनच हळू आवाजात म्हणाली. "उद्या सकाळी दुकानात या. उघडं राहील."